एका कॉलेजला एकच गोलकीपर

माझी मुलगी गोलकीपर झाली, कारण ती उशिरा आली. आम्ही नागपूरहून न्यू जर्सीला आलो तेव्हा ती सातवीत होती. इथल्या मुली लहानपणापासून हॉकी स्टिक हातात घेऊन वाढलेल्या. हायस्कूलच्या टीममध्ये हिला घ्यायचं तर कुठे? गोलात उभं राहायला कुणी तयार नव्हतं, ही झाली. पायांना फोमचे जाड पॅड, छातीवर चिलखतासारखं काहीतरी, डोक्यावर जाळीचं हेल्मेट. पहिल्यांदा त्या वेषात पाहिलं तेव्हा मला माझीच पोर ओळखू आली नाही. पण चेंडू अंगावर आला की बाकीच्या मुली तोंड फिरवायच्या आणि ही दोन पावलं पुढे जायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मी डिपेंडंट व्हिसावर होते. नागपुरात कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, इथे नोकरीची परवानगी नव्हती. गाडी शिकले ती तिला प्रॅक्टिसला नेण्यासाठीच. तिची किटबॅग कायम डिकीत असायची. आयसेलिनच्या देशी दुकानांतून सामान आणलं तर पिशव्या मागच्या सीटवर ठेवाव्या लागत, नाहीतर कोथिंबिरीलासुद्धा पॅडचा वास लागे. नवरा म्हणायचा, "खेळू दे, पण कॉलेज प्रवेशाच्या एसएटी परीक्षेच्या आड येऊ देऊ नको." त्याला हा नादच वाटत होता. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं.

अकरावीत तिच्या क्लबच्या कोचने सांगितलं, की ही कॉलेजात खेळू शकेल. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय उरला नाही. पेनसिल्व्हेनियातल्या एका कॉलेजवर तिचं मन बसलं. तिने तिथल्या कोचना ई-मेल पाठवली, मॅचची टेप पाठवली, मग फोन केला. काय बोलायचं ते आधी स्वयंपाकघरात माझ्यासमोर म्हणून दाखवलं. फोनवर कुणी नव्हतं, तिने निरोप ठेवला. उलट फोन आला नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा निरोप, पुन्हा काही नाही. शाळेतून आली की ती आधी आन्सरिंग मशीनचा दिवा बघायची. मी तिच्या आधीच बघून ठेवलेला असायचा.

"त्यांना मी नकोय, आई."

"अगं, बिझी असतील."

"आठवडे झाले. इतकं कुणी बिझी नसतं."

वसंतात एका मोठ्या स्पर्धेला त्या कोच स्वतः आल्या. कॉलेजचं नाव लिहिलेलं जॅकेट घालून हिच्याच गोलामागे उभ्या होत्या, हातात वही घेऊन. मॅच सुरू व्हायला वेळ होता. मला राहवलं नाही. मी जाऊन नाव सांगितलं, म्हटलं, "गोलात आहे ती माझी मुलगी. तिने तुम्हाला निरोप ठेवलेत."

त्या हसल्या. "हाय. गुड लक टुडे." आणि वळून चालायला लागल्या.

मी मागे गेले. म्हणाले, "ती तुमच्या फोनची रोज वाट बघते. नको असेल तर तसं सांगा, चालेल."

त्यांनी दोन्ही हात वर केले, पोलिसासमोर करतात तसे. "आय रिअली कान्ट," म्हणाल्या आणि जवळजवळ पळतच दुसऱ्या मैदानाकडे गेल्या.

हे सगळं मुलीने जाळीतून पाहिलं. त्या मॅचमध्ये तिच्या पायातून असे गोल गेले, जे ती झोपेतही अडवायची. गाडीत बसल्यावर तिने हेल्मेट मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "आई, व्हॉट डिड यू से टू हर?"

मी सांगितलं. तिने खिडकीकडे तोंड केलं. घरी येऊन मी भात लावला. माझं इंग्रजी, माझा पंजाबी ड्रेस, मागे मागे जाणं, यातलं काय त्या बाईंना खटकलं असेल, याचाच विचार करत राहिले. वर्गात शंभर मुलांपुढे उभी राहणारी बाई मी, आणि आता दुपारभर सोफ्यावर बसून एका अनोळखी बाईचे वर केलेले हात आठवत होते.

उलगडा झाला तो टीममधल्या एका मुलीच्या आईकडून. तिची मोठी मुलगी आधीच कॉलेजात खेळत होती. पार्किंगमध्ये मी तिला विचारलं, तर ती म्हणाली, "अगं, कॉलेज खेळांच्या संघटनेचा नियम आहे, त्यांना बोलायची परवानगीच नाही. अकरावी संपून एक जुलै उजाडेपर्यंत कोच फोन करू शकत नाही. ठेवलेल्या निरोपालाही उलट फोन करू शकत नाही. स्पर्धेत समोर आलात तर हॅलो म्हणायचं आणि पुढे जायचं. आणि तो नियम आईबापांनाही लागू. तू तिच्या मागे गेलीस म्हणून ती पळाली."

"मग मुलांनी करायचं काय?"

"मुलीने फोन करत राहायचं. कोचने स्वतः उचलला, तर मग हवं तेवढं बोलता येतं."

मला हायसं वाटलं आणि रागही आला. हे कुणी सांगायचं असतं? ज्यांच्या घरात आधी कुणी खेळलंय त्यांना माहीत. आम्हाला कोण सांगणार?

मुलगी रोज जेवणाच्या सुट्टीत शाळेच्या जिन्याखालून फोन करू लागली. एकदा कोचनी उचलला. त्या दिवशी ती गाडीकडे धावत आली. "आई, शी सेड, मी वाटच बघत होते तू मला कधी गाठतेस याची."

जुलैत फोन सुरू झाले. शरद ऋतूत आम्ही तिघं कॉलेज बघून आलो आणि त्यानंतर कोचनी जागा देऊ केली. हिने हो म्हटलं. फोन करणाऱ्या आणखी दोन कॉलेजांना तिने स्वतःहून नम्रपणे नकार कळवला, कारण कोचनीच सांगितलं होतं, की गोलकीपर वर्षाला एकच घेतात, दुसऱ्या कुणाची जागा अडवू नकोस. कागदावर सह्या फेब्रुवारीत व्हायच्या होत्या. तोपर्यंत नुसता शब्द.

जानेवारीत कोच ते कॉलेज सोडून दुसरीकडे गेल्या. त्यांनी हिला फोन केला, वाईट वाटलं म्हणाल्या, नव्या ठिकाणी गोलकीपर आहे म्हणाल्या. काही दिवसांनी नव्या कोचचा फोन आला. हिने स्पीकर लावला. आवाज तरुण होता, बोलणं गोड.

"तोंडी कबुली कुणावरच बंधनकारक नसते, स्वीटी. तुझ्यावरही नाही, माझ्यावरही नाही. मी माझी गोलकीपर आणतेय. ऑगस्टमध्ये टीम निवडायच्या ट्रायआउटला जरूर ये."

हिने "थँक यू" म्हटलं, दोनदा. फोन ठेवला आणि तिथेच खाली फरशीवर बसली.

नंतरचे आठवडे फोन करण्यात गेले. तिने नकार कळवलेल्या दोन्ही कॉलेजांना फोन केले. जागा भरल्या होत्या. मग जी मिळतील त्या कॉलेजांना केले, नकाशात कुठे आहेत ते न बघता. सगळे सभ्यपणे बोलायचे. आमच्याकडे गोलकीपर आहे. यंदा घेत नाही. बॅकची जागा आहे, तू बॅक खेळतेस का? एकदा ती हो म्हणाली. आयुष्यात कधी बॅक खेळली नव्हती. फोन ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "मी खोटं बोलले," म्हणाली. मला तिला जवळ घ्यायचं होतं, तिने घेऊ दिलं नाही. ताटातलं ताटात राहायला लागलं. शाळेतल्या मुलींनी त्यांना मिळालेल्या कॉलेज टीमच्या जॅकेटांचे फोटो दाखवले की ही छान म्हणून घरी यायची आणि आंघोळीला जाऊन नळ सोडून ठेवायची.

नवरा, जो याला नाद म्हणायचा, त्याने ऑफिसच्या प्रिंटरवर संघटनेच्या नियमांचं जाडजूड पुस्तक छापून आणलं. शनिवार-रविवार डायनिंग टेबलावर बसून पेन्सिलने खुणा करत तो कलम शोधत होता. दिलेला शब्द पाळायला लावणारं एखादं तरी कलम असेलच, अशी त्याची समजूत होती. रविवारी संध्याकाळी त्याने चष्मा काढला.

"त्यांनी फोन कधी करायचा, कितीदा करायचा, कुठे भेटायचं, सगळं लिहिलंय," तो म्हणाला. "शब्द मोडला तर काय, तेवढंच नाही."

मुलगी जिन्यावर उभी होती. म्हणाली, "बाबा, सोडा ना." तो उठला नाही. चष्मा हातात धरून तसाच बसून राहिला.

शेवटी ती राज्याच्या विद्यापीठात गेली, तिच्या मार्कांवर. ऑगस्टमध्ये तिथे ट्रायआउट दिली आणि तिसरी गोलकीपर म्हणून राहिली. तिसरी म्हणजे बाहेरगावच्या मॅचला बस निघते तेव्हा न जाणारी. सरावात सगळ्या मुलींचे शॉट अंगावर घ्यायचे, आणि मॅचच्या दिवशी चेंडू गोळा करायचे. आम्ही घरच्या मॅचला जाऊन बसायचो. ती बेंचच्या टोकाला पॅड घालून बसलेली दिसायची. घामाचा थेंब नाही. मध्यंतराला उठून मुख्य गोलकीपरला चेंडू मारून द्यायची, मग परत जागेवर.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस तिचा फोन आला. मी वांगी चिरत होते.

"आई, मी सोडलं."

मी सुरी खाली ठेवली. विचारलं, "मग आता शनिवारी काय करतेस?"

"झोपते," ती म्हणाली. "खूप झोपते, आई." आणि मग म्हणाली, "मी दमले होते गं."

मी "हो गं" म्हटलं, तेही तिला नीट ऐकू गेलं नसावं. ती परीक्षेचं काहीतरी सांगू लागली, आणि मी रिसीव्हर कानाला लावून ऐकत राहिले.