रत्नम्माच्या वाटणीचं सुकाणू

रत्नम्माला वाटणीत सुकाणू मिळालं होतं. हसू नका, खरंच सांगतो. नवरा मारोती तापानं गेला, आणि तेरावं उरकल्यावर चार शहाणे ओट्यावर बसले. शेताचे तुकडे झाले, भांडी झाली, राहिली नाव. उमरी तालुक्यातल्या त्या नदीकाठच्या गावात माणसं पैलतीरी न्यायला तेवढी एकच शिडाची नाव, आणि ती मारोती चालवायचा. धाकटा दीर रामलिंग म्हणाला, "नाव माझी. वैनीला सुकाणू द्या. भावाच्या हातातलं हाय, निशाणी राहील." चार शहाणे मिशीतल्या मिशीत हसले. सासू लक्ष्मीबाई म्हणाली, "मंजूर हाय."

रत्नम्मा देगलूरकडची, तेलंगी मुलखाच्या सीमेवरची. तिचं नावसुद्धा सासूच्या तोंडाला कधी गोड लागलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं, बाई चार दिवस रडेल आणि ते लाकूड चुलीत घालेल. बाईनं काय करावं? दुसऱ्या दिवशी सकाळी सुकाणू खांद्यावर टाकलं, नावेच्या मागच्या आकड्यांत अडकवलं आणि दांडा धरून तिथंच ठाण मांडलं. "म्या माझ्या वाटणीपाशी बसून राहिले. कुणाला काय तरास?" रामलिंगनं चार फळ्या ठोकून दुसरं सुकाणू करून पाहिलं, तर मधल्या धारेत नाव गरागरा फिरली आणि बाजाराला निघालेल्या बायकांनी त्याचा उद्धार केला. मग करतो काय! तेव्हापासून दीर शीड ओढायचा, वैनी सुकाणू धरायची, आणि नावेत दोघं एका शब्दानं बोलायचे नाहीत. संध्याकाळी ती सुकाणू काढून घरी न्यायची. दिरावर विश्वास? छे!

तोच शहाणपणा नडला. गेल्या सप्टेंबरात पुराचं पाणी गावात शिरलं. नाव वरच्या अंगाला बाभळीला बांधलेली होती, ती वाचली. घरातलं सुकाणू मात्र गाळात रुतून राहिलं. लाकूड आधीच म्हातारं झालेलं. पाणी ओसरल्यावर पाहते तर पातं फुगलेलं, सांधे उकललेले, आणि खिळा टोचला की लोण्यात जावा तसा आत जायचा.

रामलिंगला उकळ्या फुटल्या. "वैनीची वाटणी वाहून गेली! आता बसा घरी," असं त्यानं गावभर सांगितलं आणि शेषेराव मिस्त्रीला नवं सुकाणू करायला सांगून मोकळा झाला. रत्नम्मानं मनाशी हिशेब मांडला. सुकाणू गेलं की नावेतली जागा गेली, आणि जागा गेली की ती त्या गावात कोण? कुंकू पुसलेली परमुलखातली बाई, दुसरं काय!

ती मिस्त्रीकडे गेली, तर तो मान वर न करता म्हणाला, "चुलीत घाल त्ये." तिनं त्याला त्याच्याच दारात चार शब्द ऐकवले आणि घरी येऊन मारोतीची हत्यारं काढली. रागाच्या भरात पहिली चूक केली. ओलं पातं घाईघाईनं ऑक्टोबरच्या उन्हात पत्र्यावर टाकलं, तर उभी भेग गेली. स्वतःलाच शिव्या देत तिनं ते सावलीत उभं केलं आणि रोज उलटंपालटं करत वाळवलं. मग करवतीनं कुजका भाग काढला. उरलं निम्मं. जोड द्यायला जुनं, मुरलेलं लाकूड पाहिजे, आणि घरात तसलं सागवान एकच होतं: घराचं दार.

घर सासूच्या नावावर, सासू राहायला रामलिंगकडे. रत्नम्मानं कुणालाही विचारलं नाही. बिजागऱ्या उपटल्या, दार कापलं, खोबण पाडून जुन्या लाकडात नवी फळी बसवली, बोल्ट पिळले, आणि जवसाचं तेल पाजून पाजून पातं काळं केलं. दाराच्या जागी गोणपाट लावलं. रात्री गावातली कुत्री आत येऊन भाकरी पळवायची.

बाजाराच्या दिवशी ती सुकाणू घेऊन घाटावर आली. मिस्त्रीचं काम अजून अर्धंच होतं. माणसं खोळंबलेली. तिनं सुकाणू अडकवलं, तसा रामलिंग भडकला. कितीतरी वर्षांनी तो तिच्याशी बोलला.

"वाटणी सुकाणूची झाली व्हती, दाराची न्हाई. ह्ये सुकाणू न्हाईच, ह्ये माझ्या आईचं दार हाय! उतर खाली!"

"निम्मं जुनं हाय त्यात. डोळे फुटले काय?"

"निम्मं चोरीचं हाय त्ये सांग की!"

कज्जा पेटला. कुणीतरी म्हातारीला बोलावून आणलं. लक्ष्मीबाई काठी टेकत आली, दोघांचं ऐकून घेतलं आणि मुलाला म्हणाली, "दार माझं?"

"तुझंच, आये."

"म्हंजी ह्ये सुकाणू माझं?"

"तुझंच की!" रामलिंग रत्नम्माकडे बघून हसला.

"हाव. मग त्याला कोण हात लावंल, त्येबी म्याच ठरवीन. तुला पाणी कळत न्हाई, रामलिंग. लहानपणापासून न्हाई. मारोतीला कळायचं, त्यानं हिला शिकिवलं. तू शीड धर." तिनं काठी रत्नम्माकडे वळवली. "अन् तू फुगू नगंस. वाटणी संपली तुझी. ह्ये आता माझं हाय, तू निस्ती बसणार. तू मला आदीबी आवडली न्हाईस अन् आजबी न्हाई."

रत्नम्माच्या अंगाचा तिळपापड झाला. हक्काचं होतं ते गेलं, आणि जागा राहिली ती सासूच्या मेहेरबानीवर. दांडा फेकून उठावं असं मनापासून वाटलं. पण उठली असती तर रामलिंगचंच फावलं असतं. म्हातारी लोकांचा आधार घेत नावेत चढली आणि नेमकी तिच्याच समोर बसू लागली. रत्नम्मानं दांडा काखेत घट्ट धरला.

"नका आवडू," ती म्हणाली. "नीट खाली बसा, आत्याबाई. पाण्याला ओढ हाय."