दुबईला दिलेली कच्ची केळी

मुंबई ते लंडन, सात हजारांवर किलोमीटर, साडेनऊ तास. लेकीचं विमान मोबाइलवर मुंगीसारखं सरकतंय आणि मी बुऱ्हाणपुरात ओट्यावर नुसती उठबस करतेय. समोर केळीचा ट्रक भरतोय. केळीच्या तुरट चिकाच्या वासानं, माझा भाऊ दुबईला निघाला तो दिवस आठवला.

आमचे वडील, आबा, मळ्यातून केळीची फणी घेऊन आले, हिरवीगार. जवळच्या बाजाराला भरलेली, पिकायला आलेली केळी कापायची, लांबच्याला कच्ची, म्हणजे वाटेत पिकतात, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक.

“आबा, विमान तीन तासांत पोहोचतं,” भाऊ वैतागला.

“दुबई दिल्लीच्या बी पुढं ना? मग कच्चीच ने, बेटा.”

आम्ही पोट धरून हसलो.

पोहोचल्यावर भावाचा फोन आला, “दगड आहेत नुसते!” आठवड्यानं पुन्हा आला. “आबा, आज पिकली. खोलीभर घरचा वास सुटलाय.”

काल लेकीची बॅग भरताना मी विमानाचे तास बघितले आणि पिकलेली केळी दिली. आत्तापर्यंत संपलीसुद्धा असतील. आठवड्यानं तिच्या खोलीत घरचा वास कुठून सुटणार?