पिवळा बिल्ला

पुण्यात कुत्र्यांचे लाड करणाऱ्यांतला मीही एक. लस टोचायला माझ्या कुत्र्याला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं. बाकावर शेजारी मांजरी गावचे एक वयस्कर शेतकरी बसले होते. लम्पी रोगानं त्यांची गाय गेली होती. सरकारी मदतीसाठी ते आले होते. मुठीत तिच्या कानातला पिवळा बिल्ला होता. त्यावरचं शेण ते नखानं खरवडत होते. शेण केव्हाच निघालं होतं, तरी खरवडत होते.

खिडकीतल्या साहेबांना मेलेल्या गाईचा, बिल्ला कानात असलेला फोटो हवा होता.

"पुरताना कापून काढला," शेतकरी म्हणाले. "दावं, घुंगरू, समदं सोडतो आमी. जाताना जनावर मोकळं जावं."

"अहो, सरकारी बिल्ला म्हणजे घुंगरू वाटलं का?" साहेब करवादले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "घरी दुसरी गाय असेल ना? तिला आडवी पाडा, बिल्ला कानाला लावा, फोटो आणा. मी बघतो पुढचं."

चला, सुटला प्रश्न, असं मलाही वाटलं.

शेतकरी बिल्ला खिशात टाकून उठले.

"ती जित्ती हाय, साहेब."