धुराड्यातलं मडकं

परवा खांब गावी भाचीच्या शेतावर पोपटी लावली होती, म्हणजे मडक्यात शेंगा भरून भोवती जाळ केला होता. मडकं उपडं केलं, भाजलेल्या वालाचा वास आला आणि माझी भूकच गेली.

आर्किटेक्चरला असताना दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघी मैत्रिणी रोह्याजवळ एका इंग्रज साहेबाच्या जुन्या बंगल्याची मापं घ्यायला गेलो होतो. विलायतेतल्यासारखा उभ्या छपराचा दगडी बंगला, आणि कोकणातल्या उकाड्यात चक्क शेकोटीचं धुराडं! बंगल्याच्या भिंतीला टेकून राखणदार काकीचं कौलारू घर होतं. बंगल्याची खिडकी न् खिडकी मी कागदावर उतरवली. काकीच्या घराच्या जागी नुसता चौकोन काढला.

धुराडं धूर ओढतं का, हे बघायला मी शेकोटीत पालापाचोळा पेटवला. थोड्या वेळानं वर काहीतरी तडकलं आणि फुटलेल्या मडक्याच्या खापरांबरोबर भाजलेले वाल खाली सांडले. आम्ही हसत, राख फुंकून ते खाऊ लागलो. काकी धावत आली आणि दारातच थबकली.

"बियाणं व्हतं गो. भात कापून झालंय, आता वाल पेरायचे व्हते."

"मग इथे धुराड्यात कशाला ठेवलंत?" मी उलट तिलाच विचारलं.

"माझं घर पावसाळाभर गळतंय. हितं कोरडं ऱ्हातं."

ती घरात गेली आणि चिमूटभर मीठ घेऊन आली. "आता भाजलेच हायत, तर मिठाशी खावा."

परवा भाचीनं वालाच्या शेंगा पुढे केल्या, तेव्हा मी नको म्हटलं. त्या दिवशी मात्र मी मिठासाठी हात पुढे केला होता.