अकोट ते अमरावती, एका दाखल्यासाठी दोनदा

अकोटहून अकोल्याची एसटी निघाली तेव्हा माझ्या पिशवीत सगळी कागदपत्रं होती आणि एकूण एक प्लास्टिकमध्ये होती. आमचा फुलांचा धंदा. झेंडू, शेवंती, निशिगंध तोडायचा, पाणी मारायचं, ओल्या फडक्यात बांधायचं. घरात कुणाचेच हात कधी कोरडे नसतात, त्यामुळे एखादा कागद महत्त्वाचा वाटला की बाबा तो उचलतात आणि लॅमिनेशनला नेतात. रेशनकार्ड, आधार, माझी बी.एस्सी.ची पदवी, लहानपणच्या लशींचं कार्ड. एकदा तर भरलेलं वीजबिलही करून आणलं होतं. या सवयीवर आम्ही घरात खूप हसायचो. पुढचे दोन दिवस मला अजिबात हसू आलं नाही.

लॉच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची सीईटी मी पास झाले होते. अमरावतीच्या एका कॉलेजात नंबर लागला होता. मूळ कागद दाखवायचे, शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला (सगळे त्याला टीसीच म्हणतात) जमा करायचा, की जागा पक्की. काम एका दिवसाचं होतं.

बसमध्ये शेजारच्या बाईंनी पायाशी भेंडीचं पोतं ठेवलं होतं. बस गावाबाहेर पडायच्या आत त्यांनी चौकशी सुरू केली.

"कुठं चालली, माय?"

"अमरावतीला. वकिलीच्या कॉलेजात नाव घालायला."

"आंधी काय शिकली?"

"बी.एस्सी. केमिस्ट्री."

"मंग वकिली काहून? सायन्स जमलं नाई काय?"

हा प्रश्न मला आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी विचारला आहे. जणू सायन्स हे सासर आणि मी तिथून निघून आले. बाईंनाही सगळं सांगितलं. चार वर्षं मी एका खाजगी प्रयोगशाळेत माती, पाणी आणि खतं तपासली. मागच्या वर्षी एका खताच्या नमुन्यावरून ग्राहक आयोगात एका शेतकऱ्याच्या बाजूने साक्षीला गेले. समोरच्या वकिलांनी विचारलं, "पीएच किती टक्के होता?" मी म्हटलं, पीएच टक्क्यांत मोजत नाहीत. ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही मोजलाच नाही." मी आमच्या वकिलांकडे पाहिलं. ते गंभीरपणे मान डोलवत होते. आमची बाजू खरी होती आणि तरी ती तिथे बसल्या बसल्या बुडाली. बाहेर आल्यावर मी ठरवलं, पुढच्या वेळी प्रश्न मी विचारणार.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "भांडाची सवय हाय नं पण?"

"आहे."

"मंग जमते."

अकोल्याला स्टेशनबाहेर आलूबोंडा आणि तर्री (वर तरंगणारा लालभडक रस्सा) खाल्ली. तर्री ओढणीवर सांडली. तिथपासून बडनेऱ्यापर्यंत गाडीत मी ओढणी धुण्यात आणि वाळवण्यात गुंतले होते. बाहेर काळ्या रानात कपाशी गुडघ्याला लागली होती, मधे मधे तुरीची तासं होती. मूर्तिजापूर गेलं तरी डाग गेला नाही. हळद आणि तेल पाण्याने निघत नाही हे केमिस्ट्रीवालीला माहीत असायला हवं, असं समोरच्या गृहस्थांचं मत पडलं. मी त्यांना माझं शिक्षण का सांगितलं कोण जाणे.

बडनेऱ्याहून ऑटोने अमरावती. राजापेठेत क्लासेसच्या पाट्यांवर पाट्या, आणि प्रत्येकीवर डॉक्टर-इंजिनीअर होणाऱ्या मुलांचे हसरे चेहरे. सायन्स सोडून निघालेल्यांची पाटी कुणी लावत नाही.

कॉलेजच्या ऑफिसात बाबूंनी माझी पदवी पाहिली, गुणपत्रिका पाहिल्या, आपल्या यादीत सगळ्यांपुढे बरोबरच्या खुणा केल्या. मग टीसी हातात घेतली आणि टेबलावर आपटून पाहिली. ती टक्कन वाजली.

"हे काय हाय?"

"टीसी."

"टीसी कागदाची रायते, ताई. हे तं ताट झालं."

मी बाबांच्या धंद्याचं, ओल्या हातांचं सांगू लागले. त्यांनी ऐकून घेतलं नाही असं नाही. दाखला उलटा केला, मागे शिक्का मारला आणि अंगठ्याने शाई पुसून दाखवली. "शेरा कुठं लिहू? सही कुठं करू? बाकीचं फक्त पाहाचं रायते, हे जमा कराचं रायते. कॉलेजातून दुसरी आणा. उद्या पाचपर्यंत. नाई तं सीट पुढच्याले जाते." मग त्यांना काहीतरी सुचलं. "सायन्सवाल्या नं तुमी? मंग काढून टाका नं प्लास्टिक."

मी सांगितलं की हे गरम करून चिकटवलेलं असतं. ओढलं तर प्लास्टिकबरोबर शाई येईल, सही येईल, शिक्का येईल, हातात कोरा चिटोरा राहील.

"मंग काय फायदा सायन्सचा," असं म्हणून त्यांनी पुढच्याला बोलावलं.

बाहेर येऊन रागारागात गिला वडा (दह्यात भिजवलेला उडदाचा वडा) मागवला. इतका चांगला वडा इतक्या वाईट मनाने मी कधी खाल्ला नव्हता. बाबांना फोन लावला.

"बाबा, टीसीचं लॅमिनेशन कुठून केलं होतं?"

"काहून? निंगून राहिलं काय?"

"नाही. चांगलं घट्ट आहे."

"मंग? मी त्याले जाडवालं लावाले सांगतलं होतं," बाबा खुश होऊन म्हणाले. मी फोन ठेवला.

रात्र अकोल्यात मैत्रिणीकडे काढली आणि सकाळी माझ्या जुन्या कॉलेजात हजर झाले. तिथले हेडक्लार्क मला ओळखत होते. त्यांनी दाखला उजेडात धरला आणि हळहळले. दुय्यम प्रत लगेच देतो म्हणाले, फक्त मूळ प्रत हरवल्याचं प्रतिज्ञापत्र आणायचं.

"पण सर, हरवलेली नाही. तुमच्या हातात आहे."

"मले दिसते नं. पण नियमात हरवली असंच लिहेल हाय. हरवली म्हणा अन् घेऊन जा."

कोर्टाजवळ झाडाखाली टायपिंगवाले भाऊ कॉम्प्युटर मांडून बसले होते. माझं नाव विचारायच्या आधी त्यांच्या पडद्यावर मजकूर तयार होता: सदर दाखला प्रवासात गहाळ झाला असून शोध घेऊनही मिळून आला नाही.

"गहाळ झाला नाही हो." मी दाखला पुढे धरला.

"सगळे थेच लिहतात, ताई. मी काय पोलीस आहो काय?"

खरं सांगते, मी पेन हातात घेतलं होतं. पाच वाजता जागा जाणार होती. ती गेली की पुन्हा सीईटी, पुन्हा वर्षभर गल्लीला उत्तरं. एक ओळ, एक सही, कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण त्या ओळीच्या वर 'सत्यप्रतिज्ञेवर' असं लिहिलं होतं, आणि मी निघाले होते वकील व्हायला. आयोगात मान डोलवणारे आमचे वकील मला आठवले आणि माझं डोकं फिरलं. या जिल्ह्यात खरं लिहिण्याची सोय कुठे आहे की नाही?

"मी सांगते तसं टाइप करा," मी म्हटलं.

"तसा नमुना नाई."

"आता होईल."

मग मी सांगत गेले आणि ते कुरकुरत टाइप करत गेले. मूळ दाखला गहाळ झालेला नाही. तो माझ्या ताब्यात आहे. माझ्या वडिलांनी तो लॅमिनेट केल्यामुळे त्यावर शेरा घेता येत नाही.

"वडिलांच्या अज्ञानामुळे," भाऊंनी पुढचं आपणच जोडलं. "भारी वाटते कागदात."

"ते खोडा. लिहा, 'जपून राहावा म्हणून वडिलांनी लॅमिनेट केला.'"

"कोर्टात असं लिहत नाईत, ताई."

"मी लिहिते."

नोटरीसाहेबांनी ते न वाचताच शिक्का मारला. खोटं असतं तरी मारला असता. हेडक्लार्कांनी मात्र दोनदा वाचलं, प्राचार्यांकडे नेलं, आणि इतक्या वेळाने परत आले की माझी गाडी चुकणार हे मी धरूनच चालले होते. प्राचार्यांनी सही केली होती. "असं पयल्यांदाच आलं म्हणे," हेडक्लार्कांनी निरोप दिला. जुना दाखला रद्द करायचा होता, पण प्लास्टिकवर 'रद्द'चा शिक्काही टिकेना. शेवटी त्यांनी कात्री घेतली. मी थांबा म्हणेपर्यंत दाखल्याचा कोपरा टेबलावर पडला होता. बाबांनी जाडवालं लावायला सांगितलेलं.

गाडी मिळाली, कारण तीच उशिरा होती. बडनेऱ्यापर्यंत नवीन टीसी मी पिशवीत घातली नाही, दोन्ही हातांत धरून बसले. पाचच्या आत अमरावतीला पोचले. कालच्याच बाबूंनी मागे शिक्का मारला, फुंकर घालून शाई वाळवली आणि म्हणाले, "जमलं नं?" जागा माझी झाली होती.

दुसऱ्या दिवशी अकोटच्या बसमध्ये खिडकीतून सातपुड्याची निळी रांग दिसू लागली तेव्हा माझ्या डोक्यात अमरावती नव्हती, तो कापलेला कोपरा होता. घरी बाबा झेंडूवर पाणी मारत होते. मी आधी ॲडमिशनचं सांगितलं, मग परत मिळालेला जुना दाखला पुढे केला. त्यांनी कापलेल्या जागेवरून बोट फिरवलं. ते मला सहन होईना. मी प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स त्यांच्या हातात दिली.

बाबांनी हात टॉवेलला पुसले, पुन्हा पुसले, आणि मोठ्याने वाचायला लागले. 'जपून राहावा म्हणून'पाशी थांबले.

"हे तू लिहलं?"

"हो."

"बरोबर लिहलं," म्हणाले आणि कागद खिशात घालून फुलं पोचवायला बाजारात गेले.

संध्याकाळी बाबा परतले तेव्हा काखेत ते प्रतिज्ञापत्र होतं, जाड प्लास्टिकमध्ये, चारही कोपरे गोल करून. देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला लावताना त्यांनी वाकडं तर नाही ना, एवढंच मला विचारलं. दोन दिवसांत ज्या गोष्टीने माझा जीव काढला, तीच बाबा नव्याने करून आले होते, आणि मी खालचा कोपरा धरून ते सरळ करून दिलं. झेरॉक्सच होती ती.