कारब्युरेटरवरचा टिळा

दसऱ्याला यंत्रांची पूजा करताना ऑइलपेंटचा वास आला, की मला एका वर्षीचं कांद्याचं पीक आठवतं. शेजारच्या मळ्यातल्या मित्राने आणि मी पेट्रोलवर चालणारे सारखेच फवारणी पंप घेतले होते. कुंकू धुऊन जातं म्हणून मी माझ्या पंपाच्या कारब्युरेटरला लाल ऑइलपेंटचा टिळा लावलेला. अख्खा गाव हसला होता. त्याचा पंप बिघडला म्हणून तो माझा दोन दिवस घेऊन गेला. परत आल्यापासून माझं इंजिन घडीत किंचाळायचं, घडीत गचके खायचं, आणि इकडे कांद्यावर फुलकिडे चढलेले. मी पडलो स्वयंघोषित मिस्त्री! सोनईहून प्लग आणला, पेट्रोल बदललं, कारब्युरेटर तीनदा खोलून पुसला. मित्र शेजारी बसून स्क्रू सांभाळत म्हणायचा, “भाऊ, तुजा हात लई साफ हाय, पन इंजिनच गेलं बग.” चौथ्या दिवशी हार मानून त्याचा ‘दुरुस्त झालेला’ पंप मागायला गेलो. त्याचं इंजिन एका सुरात चाललं होतं आणि त्याच्या कारब्युरेटरवर माझा लाल टिळा होता. तीनदा हातात घेऊनही माझ्याकडचा टिळा गायब असल्याचं मला दिसलं नव्हतं! आजही तो दसऱ्याला येतो, “सोन्यासारखा राहा” म्हणत आपट्याचं पान देतो. मी हसून घेतो, आणि पान आपट्याचंच आहे ना, हे उलटून बघतो.