दातांनी ऐकणारा मिस्त्री

लालबागच्या त्या मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलं नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे दिवस होते. कर्णा लावलेली आमची जीप दिवसभर फिरायची. चालवणारा मीच आणि माईकवर बोलणाराही मीच. गाडी लढाईतली, मागाहून डिझेल इंजिन बसवलेली. परळच्या पुलाच्या चढावर ती त्या दिवशी तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा ढकलत त्याच्याकडे नेली.

"इंजिनच गेलंय," मी वैतागून म्हणालो. त्याने मानही वळवली नाही. गिरणीत सांच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात त्याचे कान गेलेत, असं शेजारच्या पानवाल्याने सांगितलं.

टाकीत काठी बुडवून त्याने डिझेल पाहिलं. पंपाची नळी सैल केली, तर नुसता फेस आला. मग त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवलं, त्याची मूठ दातांत धरली, डोळे मिटले आणि मला स्टार्टर मारायची खूण केली.

"पंप दमलाय," तो म्हणाला. "आतला पडदा चिरलाय. डिझेल सोडून हवा ओढतोय."

पडदा बदलल्यावर इंजिन एकसारखं चालू लागलं. त्याने कर्ण्याकडे बोट दाखवलं. मी रोजचं तेच बोललो, संध्याकाळी शिवाजी पार्कावर सभा आहे, सगळ्यांनी यावं. स्क्रूड्रायव्हर कर्ण्याला टेकवून तो दातांनी ऐकत राहिला.

"गाडी जाईल शिवाजी पार्कापर्यंत," तो म्हणाला. "तुमचं काय खरं नाय. नुसती हवा येतेय. घरी जाऊन झोपा."

दोन महिने मी गल्लोगल्ली बोलत होतो. इतकं नीट माझं कुणी ऐकलं नव्हतं.